ढमाल्यांचं पद

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, माधवगंजातल्या दत्ताच्या देवळात दर गुरुवारी संध्याकाळी भजन होई, आणि त्या भजनात गाण्यापेक्षा न गाणंच जास्त असे. नवा माणूस ऐकायला बसला तर गोंधळून जाई. पाच म्हातारे एखादं पद चांगलं रंगवून म्हणत आणि मग तोंडं मिटून घेत. मृदंग आणि टाळ मात्र चालूच. एक अख्खं पद होईल इतका वेळ नुसता ठेका चाले. मग टाळ धरलेले महिपतराव थोपटे पुढच्या घराचं नाव घेत, "काकडे," आणि कुणी गात नसे. पुन्हा ठेका. "बाबर." पुन्हा तेच. रस्त्यानं जाणारे हिंदी लोक एकमेकांना सांगत की मराठ्यांचं भजन असंच असतं, ते मनातल्या मनात गातात.

तसं काही नव्हतं. फौजेबरोबर दख्खनमधून आलेल्या सतरा घरांनी आपापल्या गावाहून एकेक पद आणलं होतं. घरचं पद त्या घरच्याच माणसानं उचलायचं, बाकीच्यांनी मागून धरायचं. घरचा माणूस हजर नसेल तर पद गायचं नाही, त्याच्या वाटचा ठेका मोकळा सोडायचा. ह्याला रिकामी पाळी म्हणत. दुसऱ्या कुणी ते पद म्हणायचं असेल तर घरच्याची परवानगी हवी. नियम कुणी केला हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि विचारायची सोयही नव्हती, कारण विचारणाऱ्याकडे महिपतराव असे बघत की त्याला आपलं काहीतरी काम आठवे.

सन छत्तीसपर्यंत सतरांपैकी पाच घरं उरली होती. कुणी उज्जैनला गेलं, कुणी इंदूरला. काहींची मुलं तिथंच लष्कर भागात होती, पण त्यांना गुरुवार म्हणजे बुधवारनंतरचा दिवस, एवढंच माहीत होतं. म्हणजे सतरा पाळ्यांपैकी बारा रिकाम्या. त्या बारा पाळ्यांत महिपतराव डोळे मिटून टाळ वाजवत, आणि त्यांच्या कानात ती पदं आतल्या आत पूर्ण वाजत. सगळीच्या सगळी सतरा पदं पाठ असलेला माणूस आता तेवढा एकच होता, आणि त्यांतली सोळा उचलायचा अधिकार त्याला नव्हता.

महिपतराव रिसाल्यातले निवृत्त दफेदार. वय चौसष्ट, पाठ ताठ, मिशा अजून कवायतीला उभ्या. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. सकाळी दोन भाकऱ्या थापायच्या, एक तेव्हा खायची आणि एक संध्याकाळी. मधल्या वेळात टोपी बाजारापर्यंत चालून यायचं आणि काही न घेता परत यायचं. आठवड्यातले सहा दिवस त्यांच्याशी कुणी धड बोलत नसे, आणि सातव्या दिवशी देवळात तेही नावं घेण्यापलीकडे बोलत नसत. त्यांना एकटं वाटे. फार एकटं वाटे. पण दफेदाराला तसं वाटू नये अशी त्यांची समजूत असल्यामुळे ते त्याला पित्त म्हणत आणि ओवा खात.

मुलगा होता. कान्होजी. झाशीला रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. ग्वाल्हेरहून झाशी म्हणजे गाडीनं तीन तासांची वाट, पण आईच्या दहाव्याला आला होता तो शेवटचा. दसऱ्याला एक कार्ड येई. त्यात पाऊसपाण्याची हकिकत असे आणि नमस्कार असे.

हे असं का झालं ते गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, कारण महिपतराव स्वतःच ते अभिमानानं सांगत. मानमोडीच्या साथीच्या साली, म्हणजे अठरा साली, ढमाल्यांचं घर आठ दिवसांत संपलं. आधी आई, मग बाप, शेवटी चौदा वर्षांचा दिनकर. तो कान्होजीचा जिवलग. पुढच्या गुरुवारी महिपतरावांनी नाव घेतलं, "ढमाले," आणि रिकाम्या पाळीचा ठेका धरला, तोच कान्होजीनं पद उचललं. आवाज फुटायच्या वयाचा, घोगरा.

पाऊल माझे थकले देवा, पायरी तुझी जवळ कर.

पहिलं कडवं झालं. तो दुसऱ्यावर गेला आणि महिपतरावांनी टाळ थांबवले. भरल्या देवळात, पद अर्ध्यावर असताना. मुलाला पुढं बोलावलं आणि फरशीला डोकं टेकून "चुकलो" म्हणायला लावलं. मुलगा म्हणाला. त्यानंतर तो त्या देवळातच काय, न्हाणीघरातसुद्धा कधी गुणगुणला नाही, आणि सतराव्या वर्षी मामाकडे झाशीला निघून गेला. पोटच्या पोरालासुद्धा नियमातून सूट दिली नाही, असं महिपतराव सांगत, आणि ऐकणारे मान हलवत. ती मान कशासाठी हलते आहे हे त्यांनी कधी नीट पाहिलं नाही.

त्या श्रावणात त्यांच्याकडे सुधाताई आल्या. नया बाजारामागच्या मुलींच्या मराठी शाळेच्या ह्या बाई. शाळा कसली, दोन खोल्या आणि एक पडवी, पण चाळीस मुली तिथं मराठी लिहा-वाचायला शिकत होत्या, आणि लष्करात दुसरीकडे कुठंही ते त्यांना कुणी शिकवत नव्हतं. ही शाळा भजनी मंडळाच्या धान्यावर उभी होती. दर गुरुवारी प्रत्येक घर देवळात शेरभर गहू आणून टाकी. साथीच्या साली त्याच कोठारानं सगळ्या गल्लीला पेज पाजली होती, आणि पुढं त्याच गव्हावर शाळेतल्या दोन बायका पगाराऐवजी राबत होत्या. आता पाच घरांच्या पाच शेरांत एका बाईचंही भागत नव्हतं. दुसऱ्या बाई गेल्याच महिन्यात भावाकडे निघून गेल्या होत्या.

सुधाताई फार बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी सरळ सांगितलं की कार्तिकात महिनाभर पहाटे मुलींना घेऊन मराठी घरांच्या दारोदार भजन करायचं त्यांच्या मनात आहे. माधवगंज, टोपी बाजार, नया बाजार. ज्याचं दार त्याचं पद.

"आबा, आपल्या आज्याचं पद दारात आलं तर कुणाचा हात आखडेल? धान्य मिळेल, आणि पोरींच्या तोंडी पदं राहतील. पण सतराच्या सतरा पदं तर फक्त तुम्हीच जाणता."

महिपतरावांनी मिशीवरून हात फिरवला आणि नाही म्हणून सांगितलं. पदं त्यांची नव्हती. पाच घरं राजी झाली तर त्यांची पाच घ्या, बाकीची कशी देणार? सुधाताई उठल्या, पदर सारखा केला आणि उंबऱ्यात थांबल्या.

"मग विचारा ना जाऊन त्यांना. जिवंत आहेत ते लोक. तुम्ही मेल्यावर मी कुणाला विचारू?"

हे बोलणं महिपतरावांना झोंबलं. पण त्यात नियमाविरुद्ध काही सापडेना, आणि ज्यात नियमाविरुद्ध काही नाही ते करायला त्यांची हरकत नसे. मुलींनी पद म्हणावं का, ह्याबद्दल नियमात काहीच नव्हतं. बायका देवळात गातील हे नियम करणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसणार, म्हणून ते मना करायचं त्याच्याकडून राहून गेलं होतं. तेव्हा दुसऱ्या दिवशी दफेदारांनी कोट चढवला, रुमाल बांधला आणि परवानग्या मागायला बाहेर पडले.

देवळातल्या चौघांनी तिथल्या तिथं हो म्हटलं. मग टोपी बाजारात काकड्यांच्या शांताताई. नवऱ्याच्या माघारी त्या एका बोळात टोप्यांना जर लावून द्यायचं काम करत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सुई थांबवली नाही. पद द्या, म्हणाल्या, मला काय करायचंय. मग थोड्या वेळानं, मान खाली घालूनच, विचारलं की परवानगी दिली म्हणजे आता ते तुम्हाला म्हणता येतं का. येतं, महिपतराव म्हणाले. तर मग एकदा म्हणा. चाळीस वर्षं तुमच्या देवळाच्या बाहेर जोड्यांपाशी बसून ऐकलंय, आणि गेली बारा वर्षं नुसता टाळ.

त्या अरुंद बोळात, जरीच्या चिंध्यांत उभं राहून महिपतरावांनी जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याचं पद उचललं. शांताताईंची सुई मध्येच कुठंतरी थांबली. पद झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि ह्यांचा आवाज तुमच्यापेक्षा बरा होता, एवढंच म्हणाल्या. खूष होऊन महिपतराव तिथून निघाले. कुणीतरी आपली चूक काढली ह्याचं सुख त्यांना फार दिवसांनी मिळालं होतं.

पुढं मात्र तसं सुख मिळालं नाही. नया बाजारात बाबरांच्या नातवाचं सायकलचं दुकान होतं. चांगला हसतमुख पोरगा. खुर्ची पुढं केली, चहा मागवला. पद म्हणजे काय हेच त्याला आधी कळेना, आणि कळल्यावर तो हसला.

"ले जाइए ना दादाजी. आम्हाला काय करायचं त्याचं?"

महिपतरावांनी चहा प्याला आणि आभार मानले. कुणी भांडलं असतं, पद देत नाही म्हणून दार लावून घेतलं असतं, तर त्यांना बरं वाटलं असतं. उज्जैनहून, इंदूरहून, भेलशाहून कार्डं आली. सगळ्यांची परवानगी होती. एकानं लिहिलं होतं की आमचं पद होतं हे वाचून आश्चर्य वाटलं. ज्यांच्या पाळ्या आपण इतकी वर्षं डोळे मिटून राखल्या त्यांना त्या पाळ्या असल्याचंच माहीत नव्हतं, हे महिपतरावांना त्या दोन आठवड्यांत रोज थोडं थोडं कळत गेलं. ओव्याचा उपयोग होईना.

अशी पंधरा घरं झाली. सोळावं त्यांचं स्वतःचं. पद त्यांचंच, पण पुढं ते जायचं कान्होजीकडे, तेव्हा त्याला विचारल्याशिवाय कसं देणार? त्यांनी झाशीला पत्र लिहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी मुलाला काही विचारलं असं हे पहिलंच पत्र. शाळेची हकिकत लिहिली, थोपट्यांचं पद मुलींना द्यायला तुझी संमती कळव, असं लिहिलं. शेवटी एक ओळ अशीही लिहिली की ढमाल्यांच्या घरी विचारायला कुणी उरलं नसल्यामुळे ते एक पद तेवढं राहील.

उत्तर आठ दिवसांनी आलं. कार्ड नव्हतं, पाकीट होतं. अक्षर कारखान्यातल्या माणसाचं, कागदावर दाबून काढलेलं.

"तीर्थरूप आबांचे सेवेशी कान्होजीचा साष्टांग नमस्कार. आपल्या घरचं पद मुलींना खुशाल द्या. ढमाल्यांच्या घरी विचारायला कुणी नाही असं लिहिलंत, ते बरोबर नाही. दिनकर जायच्या आदल्या दिवशी मी त्याच्या खिडकीशी होतो. आत जाऊ देत नव्हते. तो म्हणाला, अप्पा गेले, मीपण जाणार, गुरुवारी पद तू उचल, ते तुला दिलं. गजांतून चार वेळा माझ्याकडून म्हणून घेतलं. मी तुम्हाला सांगणार होतो, पण तुम्ही दिवसभर तिरड्या उचलत होता. वाटलं, पद म्हणून झाल्यावर सांगू. तुम्ही विचारलं नाही. तेव्हा पद माझं आहे. मुलींना द्यायला माझी हरकत नाही. तुम्ही ते म्हणायचं नाही, एवढीच अट. कळावे."

महिपतरावांनी पत्र उभ्यानं वाचलं आणि खाली बसून पुन्हा वाचलं. त्या दिवशी दोन्ही भाकऱ्या तशाच राहिल्या. मुलगा चुकला नव्हता. भरल्या देवळात एकच माणूस नियमाप्रमाणे वागला होता, आणि त्यालाच त्यांनी फरशीला डोकं टेकायला लावलं होतं. एवढंच असतं तरी एक वेळ सोसलं असतं. पण ही गोष्ट त्यांनी अठरा वर्षं मिशीला पीळ भरून लोकांना सांगितली होती. त्यांना स्वतःची शिसारी आली.

गुरुवारी देवळात ढमाल्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी टाळ खाली ठेवले आणि चौघांना पत्र वाचून दाखवलं. मृदंगावर मुकुंदराव होते, अठरा सालीही तेच होते. ते म्हणाले की पोराला विचारायला तोंड तर सगळ्यांनाच होतं, आम्ही तरी कुठं विचारलं. महिपतराव उठले, अठरा साली कान्होजी जिथं वाकला होता त्याच फरशीवर त्यांनी डोकं टेकलं आणि "चुकलो" म्हणाले. त्यानं काही हलकं वाटलं नाही. समोर ज्यानं असायला हवं होतं तो तीन तासांच्या वाटेवर इंजिनाचे नट आवळत बसला होता.

भाद्रपदापासून ते रोज शाळेत जाऊ लागले. पडवीत मुली ओळीनं बसत आणि महिपतराव त्यांना एकेक पद देत. आधी घराचं नाव सांगत, ते घर कुठल्या गावाहून आलं ते सांगत, मग पद. मुलींना गंमत वाटे. त्या आपसात हिंदी बोलत आणि पदं मात्र अशी ठसक्यात म्हणत की जणू दख्खनमधून कालच आल्यात. राजलक्ष्मी नावाची एक बारा वर्षांची मुलगी होती, तिचा गळा असा लागे की पद उचलायचं काम आपोआप तिच्याकडे गेलं. महिपतराव घरी आल्यावरही त्या आवाजात असत. तेवढे तीन-चार तास त्यांना एकटं वाटत नसे, आणि मग दार लोटून आत आलं की रोजच्यापेक्षा जास्त वाटे.

सोळा पदं झाली आणि सतराव्याशी गाडी अडली. महिपतरावांनी ढमाल्यांच्या पदाचे शब्द फळ्यावर लिहून दिले. ठेका टाळावर वाजवून दाखवला. चाल सांगणार कशी? म्हणायचं तर नव्हतं. मुली ते पद पाढ्यांसारखं म्हणू लागल्या. पाऊल माझे थकले देवा, पायरी तुझी जवळ कर, असं बे एके बेच्या चालीवर. ते ऐकून महिपतराव पडवीतून उठून अंगणात गेले.

सुधाताई मागं आल्या. एकदा म्हणून टाका, त्यांनी सुचवलं, झाशीला कोण सांगायला जातंय. महिपतराव त्यांच्याकडे बघत राहिले, पण ह्या बघण्यात नेहमीची धार नव्हती.

"ताई, एवढंच त्यानं माझ्याकडे मागितलंय. आजवर दुसरं काही मागितलं नाही."

त्या संध्याकाळी त्यांनी पुन्हा पत्र लिहिलं. पद मुलींना चालीवर येत नाही, मला म्हणता येत नाही, तेव्हा शिकवायला तूच यावंस. देवळात सर्वांसमोर माफी मागितली आहे, असंही त्यांनी लिहिलं. मग ते खोडलं, कारण ते पावती मागितल्यासारखं दिसत होतं.

कान्होजी आश्विनातल्या एका रविवारी आला. स्टेशनावरून सरळ शाळेत. बत्तीस वर्षांचा माणूस, कानशिलांवर पांढरं दिसू लागलेला, नखांत काळं तेल. त्यानं वडिलांच्या पायाला हात लावला, वर पाहिलं नाही, आणि मुली कुठं बसल्यात ते सुधाताईंना विचारलं. महिपतरावांना आत या असं कुणी म्हटलं नाही आणि येऊ नका असंही म्हटलं नाही. ते पडवीबाहेरच्या पायरीवर बसले.

आत मुलगा मुलींशी अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलत होता. "देखो, हे घाईनं नाही म्हणायचं. थकलेला माणूस कसा बोलतो? वैसे." मग त्यानं पद उचललं. अठरा वर्षांत न गायलेला गळा, सुरुवातीला खरखरला, मग बसला. पहिलं कडवं झालं आणि तो दुसऱ्यावर गेला.

वाट विसरली गावाची रे, नाव विसरले नाही.

ह्याच ओळीवर टाळ थांबले होते. महिपतरावांनी दोन्ही हात गुडघ्यांत घट्ट दाबून धरले. ओळ पुढं गेली, कडवं पुरं झालं, तिसरंही झालं. मुलींनी ते मागून धरलं, चुकल्या, पुन्हा धरलं. ऊन पायरीवरून खाली सरकलं तरी आत चालूच होतं. एवढं सुंदर गाणारा माणूस आपल्या घरात होता आणि आपण त्याला गप्प केलं, हे महिपतरावांना आता कुणी सांगायची गरज नव्हती.

दुपारी कान्होजी बाहेर आला. महिपतरावांनी सकाळी उठून वांग्याची भाजी केली होती, भात टाकून ठेवला होता. घरी चल, जेवून जा, असं ते म्हणाले. डबा आणलाय, तो म्हणाला. चारची गाडी आहे. पडवीच्या कडेला बसून त्यानं डबा खाल्ला. महिपतराव शेजारी बसले. सूनबाई कशी आहे, मुलं कितवीत आहेत, हे विचारून झालं. मुलांना मराठी येत नाही, कान्होजीनं सांगितलं. घरात कुणाशी बोलणार?

त्यानं डबा धुतला, झाकण लावलं. टांगा येऊन उभा राहिला होता.

"मी विचारायला हवं होतं," महिपतराव म्हणाले.

"हो," कान्होजी म्हणाला. तो पायाला हात लावून टांग्यात बसला, आणि टांगा वळेपर्यंत महिपतराव तिथंच उभे होते. घरी जाऊन त्यांनी भात गल्लीतल्या गाईला घातला.

कार्तिक लागला. पहाटे थंडीत चाळीस मुली, पुढं राजलक्ष्मी, मागं सुधाताई आणि कडेला टाळ धरलेले महिपतराव. सुधाताईंचा होरा खरा ठरला. शांताताईंनी सूप भरून गहू दिला आणि पद संपेपर्यंत दारात उभ्या राहिल्या. बाबरांच्या सायकलवाल्या नातवाची आई डोक्यावर पदर घेत धावत बाहेर आली, तिला सासऱ्याच्या तोंडचे शब्द आठवत होते, आणि ती मुलींच्या मागून गाऊ लागली तेव्हा तो नातू तिच्याकडे आ वासून बघत राहिला. पंधरा दिवसांत शाळेचं कोठार भरत आलं आणि गेलेल्या बाईंना परत बोलावणं धाडलं गेलं. लोक महिपतरावांना हात जोडून नमस्कार करत. ते नमस्कार घेत आणि टाळ वाजवत. संध्याकाळी घरी त्यांची एकच भाकरी असे.

सोळाव्या की सतराव्या दिवशी ढमाल्यांच्या घरापुढं, जिथं आता एक कापडवाला राहत होता, राजलक्ष्मीनं पद उचललं आणि दुसऱ्या कडव्यात सगळ्या मुली भलत्याच वर गेल्या. "नाव विसरले नाही" हे खाली यायचं ते आभाळात अडकलं. महिपतरावांनी ठेका सोडला नाही. पद कसंबसं पार पडलं. राजलक्ष्मी ओशाळून त्यांच्याजवळ आली.

"आबा, कसं आहे ते? एकदा म्हणून दाखवा ना."

महिपतरावांना ते ठाऊक होतं. त्या ओळीचं वळण त्यांना स्वतःच्या नावाइतकं ठाऊक होतं. कापडवाला मूठभर ज्वारी घेऊन दारात थांबला होता, मुली थंडीत पाय आपटत होत्या, सुधाताई त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या.

"पद कान्होजीचं आहे," ते म्हणाले. "त्याला विचारून सांगतो."

फेरी संपल्यावर शाळेच्या पायरीवर बसून त्यांनी झाशीला कार्ड लिहिलं. दुसऱ्या कडव्याच्या पहिल्या ओळीच्या शेवटी मुली वर जातात. तिथं खाली यायचं की सूर धरून थांबायचं? मला नक्की सांगता येत नाही. तू कळव, किंवा सवड असेल त्या रविवारी येऊन सांग. त्यांनी सही केली, पत्ता लिहिला, आणि टपाल निघायच्या आत कार्ड पेटीत पडावं म्हणून ते भराभर चालू लागले.